नमुना उत्तर

साताऱ्याहून मुक्कामी एसटी गावात येते पावणेदहाला.
ड्रायव्हर चावडीपुढं इंजिन बंद करतो
आणि मला कळतं, अजून अठरा पेपर राहिलेत.

नववी ब. इतिहास.
प्रश्न चौथा : पहिल्या महायुद्धास जबाबदार असणाऱ्या
नेत्यांचे मूल्यमापन करा. गुण पाच.
नमुना उत्तर मीच काढलंय, रहिमतपूरच्या शाळेत लागलो त्या वर्षी :
कारणांना दोन, परिणामांना दोन,
नीट अक्षराला एक.
सम्राट, पंतप्रधान, सेनापती
माझ्या लाल पेनाखालून जातात
टोपी हातात घेऊन, मुकाट,
आणि एकवीस वर्षांत मी कुणाला नापास केलेलं नाही.
पोरं लिहितात, 'त्यांचा अंदाज चुकला.'
मी बरोबरची खूण करतो.

अंदाज चुकला.
आमच्यात हे लग्नातला आचारी म्हणतो
आणि आणखी पाच किलो भात टाकतो.

मग ऋतिका घार्गेचा पेपर.
कारणं नाहीत. परिणाम नाहीत. अक्षर बरं.

'माझे खापरपणजोबा दौलू हे सईस होते.
ते बसऱ्याला गेले. पुढे कूत नावाच्या गावात
सगळी पलटण कोंडली गेली.
दाणा संपला तेव्हा घोडे कापले.
त्यांनी स्वतः सांभाळलेली घोडी
त्यांनी खाल्ली का नाही,
हे आमच्या घरात कोणाला माहीत नाही.
साहेबाला कैदेत बेटावर बंगला मिळाला
असे सरांनी सांगितले होते.'

सांगितलं होतं खरं. शेवटच्या तासाला,
घंटा व्हायला चार मिनिटं असताना.
पोरं हसली होती. मीही.

'आमच्या चावडीच्या भिंतीत दगड आहे.
या गावातून ४३ माणसे लढाईस गेली,
पैकी ११ मेली, असे त्यावर आहे.
नावे नाहीत.
म्हणून मूल्यमापन करता येत नाही.'

त्या दगडाला टेकून आम्ही सायकली लावतो.
दर पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी
बंडा पेंटर त्याची अक्षरं काळ्या रंगानं भरून घेतो.
गेल्या साली अकरातला एक आकडा भरायचा राहिला.
वर्षभर गावातला एकच माणूस मेलेला होता.
कुणी बोललं नाही.
मी दिवसातून दोनदा तिथून जातो. मीही नाही.

परवा टीव्हीवर एक जण सांगत होता,
कुठल्या देशाचा ते असू द्या,
मागं झेंडा, पुढ्यात पाण्याचा ग्लास, इस्त्री कडक :
'माझा न्याय इतिहास करील.'
केवढ्या निवांतपणे म्हणाला!
अरे बाबा, इतिहास म्हणजे कोण?
चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेला,
सोमवारी निकाल द्यायचाय म्हणून
रात्री अकराला जांभया देत
पानं उलटणारा कुणीतरी.
तुला त्याची खात्री आहे,
म्हणूनच तू निवांत आहेस की काय?

तीन लिहिले. खोडले.
दोन लिहिले. तेही बरे दिसेनात.
नमुना उत्तर बाहेर काढलं,
त्यात दौलूला बसवून पाहिलं.
कारणात बसत नाही,
परिणामात घालावा तर तिथं
'मोठी जीवितहानी झाली' एवढीच जागा सोडलेली.
शेवटी गुणांचा चौकोन तसाच ठेवला
आणि समासात विचारलं,
'घोडीचं नाव काय होतं?'

विचारायचं म्हणून विचारलं.
शंभर वर्षं उलटून गेलेली,
ज्याचं त्याचं नाव दगडातसुद्धा राहिलं नाही
तिथं जनावराचं कोण ठेवतं.

मंगळवारी पेपर पालकांच्या सहीनं परत आले.
सहीखाली, माझ्या लाल ओळीला चिकटून,
शिसपेन्सिलीनं :
'हौशी.
घरात सगळ्यांना माहीत आहे.
सर, गुण किती?'