जांभळं विरजण

आठव्या दिवशी बशीत रंग आला.
आधी कडेला, पेन गळून कागदात शाई उतरावी तसा,
मग ठिपक्याठिपक्यातून.
ओफेलिया ट्रेखोने झाकणावर तारीख घातली
आणि खाली अगदी बारीक अक्षरात: आलास एकदाचा.

लांबलचक लॅटिन नाव तिला येतं,
पण बोलताना ती त्याला जांभळ्याच म्हणते.
त्याच्या तऱ्हा पाठ आहेत:
गारठा मानवतो. ऊब दिली की रुसतो, फिका पडतो.
एकटा असला तर बिनरंगी.
आजूबाजूला आपल्यासारख्यांची चाहूल लागली,
दाटी झाली,
की सगळे मिळून रंग काढतात
आणि पाण्यावर साय धरतात,
चमच्याला लोंबणारी, चिवट.

नटायला नाही हा रंग.
बुरशीला तो विष आहे.

म्हणून खेचराच्या पाठीवर, बर्फाच्या पेटीत,
जांभळ्या निघाला सिएरा नेवाडात.
अकरा हजार फुटांवरचं तळं.
मागच्या उन्हाळ्यात इथे काठाकाठाने
बेडूक उताणे पडले होते, मांड्या पिवळ्याधमक.
दोनशे बारापर्यंत तिने मोजले.
मग वही वेंडेलकडे दिली आणि
बुटाची नाडी बांधत बसली,
बांधलेलीच.

बेडूक कातडीने पाणी पितो.
बुरशी ती कातडी राठ करते,
आणि एके दिवशी काळीज थांबतं.
इतकंच. आवाजही होत नाही.

डब्यात दोन बोटं पाणी, त्यात विरजण.
एकेका डब्यात एकेक बेडूक, दोन तास.
एक्केचाळीस नंबरची मादी डोळे मिटून बसली,
न्हाव्याकडे बसतात तशी.
वेंडेल घड्याळाकडे बघत सँडविच खात होता.

यंदा जुलैत, अजून बर्फ होतं सावलीला,
एक्केचाळीस सापडली. जाड. चिडलेली.
पाठीवरून बोळा फिरवला,
आता तो बशीत आहे, आज सहावा दिवस,
बशी कोरी.

बाकीचे सापडले नाहीत.
वेंडेल म्हणतो, एकीवरून काही सिद्ध होत नाही.
बरोबर आहे त्याचं.

या बेडकाला हातात धरलं की लसणीचा वास सुटतो.
हातमोजे नियमाप्रमाणे पिशवीत गेले,
पण बाहीला तो राहिला,
आणि उतारभर,
खेचराच्या मागे धूळ खात,
ओफेलिया बाही नाकाशी नेत राहिली.