पांढरी

सतरा सप्टेंबर. झेंडा झाला.
पाहुणे आलेच नाहीत.
रेवती सोनटक्के भाषणाला उभी राहिली,
"सन्माननीय व्यासपीठ" म्हणाली आणि हसली,
कारण व्यासपीठावर मी, एक रिकामी खुर्ची
आणि खुर्चीवर नारळ.

मी म्हटलं, राहू दे गं.
चपला घाला सगळे. पांढरीवर जाऊ.

तेरच्या काळीत सोयाबीन, आता पिवळं पडत आलेलं.
पांढरीत कुणी काही पेरत नाही
आणि तरी दर पावसाला उगवून येतात
मणी, खापरं, शंखाच्या बांगडीची कड.
मी उदगीरची. बदलीनं आले तेव्हा
शिपाई टेळेमामा म्हणाले होते,
"बाई, आमच्या गावात जपून खणायचं.
आड खणाय जावं तर दुसऱ्याचं घर लागतंय."
आणि वरची घरं तरी कशाची?
टेकडीची माती पाटीपाटीनं नेऊन
माळवदावर चोपलेली, पिढ्यान्‌पिढ्या.
उन्हाळ्यात गाव वर झोपतं
ते दोन हजार वर्षांच्या पाठीवर
वाकळ टाकून.

काय शिकवायचं ते रात्री वहीत लिहिलं होतं:
तगर हे जुनं नाव.
पैठणचा रस्ता, बैलगाड्या, पार भडोचपर्यंत.
सातवाहन. चैत्य. आणि त्याच विटांच्या घरात
पुढं कधीतरी त्रिविक्रम.
सगळं शतकांसकट, लाल शाईनं अधोरेखित.
टेकडीवर वही उघडली
तर वारा माझ्याआधी पानं उलटू लागला.

जमना राठोडला कवडी घावली.
"ही तर आमच्या याडीच्या फेटियावरची!
इथं कशी पडली?"
मग फिरवून फिरवून बघितली, गप्प झाली.
"बाई, तेरपासून समुद्र किती लांब?"

उत्तर माझ्या वहीत होतं,
प्रश्न नव्हता.

नागेश धोत्रेनं वीट तोलली,
वीटभट्टीवरचं पोरगं, हातातच तराजू.
"एवढी मोठी, आन्‌ वजनच न्हाई.
तूस घातलंय बघा आत. भाताचं."
"इथं कुठं भात पिकतो रे?"
"मला काय विचारता बाई, विटेला विचारा."

सुमय्या मुजावर सगळ्यात मागं.
तिच्या खापरावर ना वेल ना नक्षी,
नुसता एक खळगा.
तिनं त्यात अंगठा ठेवला.
बसला.

कुणीतरी विचारलं, "हा आपल्यातला का त्यांच्यातला?"
कोणी, ते लिहीत नाही.
लेकरू आहे, घरात बोललेलं ऐकतं.
मला बोलता आलं असतं, पाठ्यपुस्तकात परिच्छेद आहे तसला,
पण खापर तोवर पुढं गेलं होतं.
जमनाचा अंगठा त्यात बुडाला,
नागेशचा अडला,
विचारणाऱ्यानंही ठेवून बघितला,
जरा जास्तच वेळ.
मी शेवटी.
ओल्या मातीचा थंडपणा जाणवला मला,
किंवा पाऊस मुरला असेल.

परतताना आठवलं,
माझ्या कपाटात प्रगतिपुस्तकं आहेत,
पालकाच्या सहीच्या चौकटीत
अकरा निळे अंगठे.
दर सभेला मी त्या आयांना म्हणते,
आता तरी सही शिका.
तेही म्हणत राहीन. पण आज त्या चौकटी
मला उघडून बघाव्या वाटल्या.

खापर आपल्याकडं ठेवायचं नसतं,
वस्तुसंग्रहालयात द्यायचं, रीतसर.
तिथल्या साहेबांनी जाड वही काढली.
वस्तू: खापर. स्थळ: पांढरी.
काळ: इथं त्यांनी पेन्सिलीनं काहीतरी लिहून खोडलं.
मग वही सुमय्यापुढं सरकवली,
"सापडली कुणाला? कर इथं सही."

सही येते तिला. वर्गात तिच्यासारखं अक्षर नाही,
उर्दूतही, मराठीतही.
तिनं पेन घेतलं, खाली ठेवलं,
आणि म्हणाली,
"शाईचं पॅड आहे का, सर?"