खांबामागची सीट

तिकिटं केरिसने काढून दिली होती,
बत्तीस पौंडाला एक, वर बुकिंगचे तीन.
म्हणजे आवडणं भागच होतं.

इड्वलने टाय लावला.
त्याला टाय लावताना मी पाहिलंय ते लग्नांत, मयतांत,
आणि एकदा, पोलादाच्या कारखान्याने
सगळ्यांना घरी बसवलं त्या सभेला जाताना.
"हसायला जायचं तर टाय कशाला?"
तर म्हणाला, "माणूस स्वतः येतोय ना आपल्या गावात."

माणूस स्वतः आला, चाळीस मिनिटं उशिरा.
आमच्यापुढे खांब होता.
खांबाच्या डाव्या अंगाने तो इड्वलला दिसायचा,
उजव्या अंगाने मला,
मधला थोडा कुणालाच नाही.
आल्या आल्या ओरडला, "काय म्हणता, कार्मार्थन?"
आम्ही लानेलीचे.
पाचशे माणसं गप्प झाली,
आणि त्याला वाटलं, माइक बंद आहे.

मग पुढच्या रांगेतलं एक टक्कल सापडलं त्याला,
अर्धा तास त्या टकलावरच संसार केला.
टकलाचा मालक आधी हसला,
मग त्याची बायको हसली, त्याच्या वतीने,
मग तीही पर्स उघडून काहीबाही शोधू लागली.

मी हसले. खोटं कशाला बोलू, हसले,
पाहुणीने अळणी रस्सा "छान झालाय" म्हणत संपवावा तशी.
गाल दुखले, पोट नाही.

मध्यंतरात साडेचार पौंडांचं आइस्क्रीम,
झाकणाखाली चिमुकला लाकडी चमचा.
इड्वल म्हणाला, "चमचा बरा आहे."
तेव्हा मात्र मला ठसका लागला.

परत आत गेलोच नाही.
पदरी पडलं पवित्र झालं, कबूल;
पण पार्किंगचे पैसेही तासावर चढत होते.

घरी टाय दाराच्या मुठीला लटकला,
टोस्टवर बीन्स ओतले,
आणि टीव्हीवर लागलं तेच, जुनं:
गॅसचा मीटर बघायला आलेला माणूस
आणि त्याला मुलीचं स्थळ समजून बसलेली म्हातारी.

सत्त्याहत्तर साली इड्वलची बहीण एनिड
बसने कार्डिफला गेली होती, याच भागाच्या शूटिंगला,
प्रेक्षकांत बसायला.
एनिडला विनोद उशिरा कळायचा.
सगळे हसून, डोळे पुसून मोकळे व्हायचे,
आणि मग एनिड.
जेवताना, चॅपेलमध्ये, शेवटी शेवटी तर हॉस्पिटलात,
डॉक्टर खोलीबाहेर पडल्यावर.

"मीटर कुठे आहे, बाई?"
"वर आहे. अजून तयार होतेय."
स्टुडिओ हसतो. हसणं ओसरतं.
आणि मागून, डावीकडून कुठून तरी,
थंडीत किक न बसणाऱ्या स्कूटरसारखी
एकटी
एनिड.
तो नट पुढचं वाक्य तोंडात धरून थांबतो,
तिचं होईपर्यंत थांबतो.

इड्वल इथे आवाज दोनाने वाढवतो. नेहमीच.
तिला जाऊन अकरा वर्षं झाली.
बीन्स गार होतात.

साडेदहाला केरिसचा फोन,
"कसा झाला? दमलात ना हसून?"
"पुरेवाट झाली गं."
"मागे बाबाच ना ते? अजून हसतायत?"
"हो," मी म्हणते,
"त्यांना उशिरा कळला."