येतो म्हणजे

उदगीरला चौबाऱ्यापाशी
खाजाभाईंचं तराजूदुरुस्तीचं दुकान.
कॉलेजातलं तर्कशास्त्र बंद पडलं त्या वर्षी,
तीन विद्यार्थी, त्यातला एक नापास,
मी संध्याकाळी तिथं जाऊन बसायला लागलो.
शिकवायची खोड सुटेना. म्हणालो एकदा,
तादात्म्याचा नियम असा, खाजाभाई:
अ म्हणजे अ.

त्यांनी कानस खाली ठेवली.
बुडाशी शिसं भरलेलं एक वजन पुढं सरकवलं.
"हा किलो. चौदा साल घासून घासून
नखभर उतरला. साहेब येतो, ठप्पा मारतो,
पुन्हा किलो. आता सांगा मास्तर,
ठप्प्याच्या आदल्या रात्री हा कोण असतो?"

किलोपेक्षा कमी, मी म्हणालो. म्हणजे किलो नव्हे.
"मग पावतीवर काय लिहू?
किलो-नव्हे दुरुस्त केला?"

असे आम्ही महिनोन्‌महिने.
चहा माझा, पुरावे त्यांचे.
"तुमच्यात नारळ फोडतात अन् म्हणतात, वाढवला.
बांगडी फुटली, ती बी वाढवली.
रात्री मी फळ्या लावतो
तवा शेजारचा सोनार ओरडतो, दुकान वाढवलं का हो?
एवढं सगळं वाढतंय मास्तर,
तुमचा अ तेवढाच कसा काय राहतो?"

मी चिडून अव्याघाताचा नियम काढला:
एकच गोष्ट एकाच वेळी असते आणि नसते, असं होत नाही.
नेमका समोरून त्यांचा मेहुणा आला,
धंद्यातला भागीदार, सकाळपासून बेपत्ता.
"हा बघा," ते म्हणाले,
"असून अडचण, नसून खोळंबा."
हसता हसता चहा माझ्या पायजम्यावर सांडला
आणि तो नियम त्या दिवशी तसाच राहिला.

हरलो असं मी मान्य केलेलं नाही.
झिजू दे वजन.
आज ज्याला जे म्हटलं ते उद्याही तेच म्हणायचं,
नियम एवढंच मागतो.
हे उत्तर मला रात्री अंथरुणात सुचलं,
नेहमीसारखं उशिरा.

डिसेंबरात लेक त्यांना हैदराबादला न्यायला आला.
डोळ्याचं ऑपरेशन, मग बघू.
रिक्षात एक पाय ठेवून म्हणाले, "येतो, मास्तर."

जाणारा माणूस येतो म्हणतो.
केवढा मोठा पुरावा त्यांच्या बाजूचा,
आणि तो त्यांनी एकदाही मांडला नव्हता.

फळ्या लागल्यात. सोनार आता विचारत नाही.
मी पायरीवर चहा घेऊन बसतो
पहिल्याच नियमाला घट्ट धरून:
येतो म्हणजे येतो.