नऊ हजारांचा फरक

तापकीर गल्लीत लुंकडांच्या काउंटरवर दोन खोकी.
एक बुटकं, दोन पंख्यांचं.
दुसरं लांबलचक, तीन पंखे, पाठीला धातूची पाटी,
आणि कोपऱ्यात दोन अक्षरं: ओसी.
"कंपनीनंच ताणून दिलंय," लुंकड म्हणाले,
"फरक फक्त नऊ हजारांचा."

नऊ हजार म्हणजे माझे तीन फ्लॅट.
वाकडला अजून न बांधलेल्या इमारतींच्या
गॅलऱ्यांत मी ऊन सोडते,
कुंड्या ठेवते, एक कुत्रं झोपवते.
जुन्या कार्डावर एका उन्हाला अकरा तास लागतात
आणि बिल्डरला ते सकाळी दहाला हवं असतं.

नानांना उगाच आणलं बरोबर.
त्यांनी खोकी वाचलीच नाहीत.
"तापतं किती?"
"लोडवर ब्याऐंशी, पंच्याऐंशी, काका."
"वॉरंटी?"
"तीन वर्षं. पण तुम्ही घरी आणखी ताणलंत, तर..."
लुंकडांनी हात हवेतच सोडून दिला.

नाना बत्तीस वर्षं भोसरीत, लेथवर.
दिवाळीआधीच्या एका ऑर्डरीसाठी
चारशे फेऱ्यांचं मशीन सहाशेवर पळवलं होतं.
जॉब वेळेवर गेले.
डिसेंबरात बेअरिंग गेलं,
आणि डाव्या कानातले बारीक आवाज
तेव्हापासून परत आले नाहीत.
हे ते कधी सांगत नाहीत.
मी फक्त नेहमी त्यांच्या उजवीकडून चालते.

"साधं द्या," ते म्हणाले, माझ्याऐवजी.
मी भांडले नाही.
उरलेल्या पैशांत नवा पॉवर सप्लाय आला,
वर दोघांची मिसळ.

धायरीला, रात्री साडेबाराला,
मी पडद्यावरची ती खूण हळूच उजवीकडे सरकवली.
पन्नास. टिकलं.
शंभर. टिकलं.
दीडशेला वाकडचं आभाळ
हिरव्या चौकोनांत फाटलं,
कुत्र्याचं डोकं कुंडीत गेलं,
आणि सगळं काळं.

पंख्यांचा सूर बदलला तसे नाना दारात,
चष्म्याशिवाय.
आता बोलणी बसणार.
ते वाकले, उजवा कान कॅबिनेटला लावला.
"दीडशे झेपत नाही याला.
एकशेवीस बघ."
मग स्वतःशीच,
"एका बारातून कापलेले दोन जॉब
कधी सारखे निघत नाहीत.
लुंकडला काय माहीत, हा कुठला निघालाय."

एकशेवीसला कुत्रं परत झोपलं.
नानांनी खुर्ची ओढली,
तळहात पत्र्यावर ठेवला,
माझ्या गोवराच्या वेळी कपाळावर ठेवायचे तसा.
मी म्हटलं, आकडा इथे दिसतोय की, अडुसष्ट.
"तुला दिसतोय," ते म्हणाले.

पहाटे चारला जाग आली तेव्हाही हात तिथेच.
"शंभरवर आण," म्हणाले,
"वाकडला ऊन पंधरा मिनिटं उशिरा पडलं
तरी चालतं."