वारस रेकॉर्डवर

वादी मी. प्रतिवादी हुसेनमिया सारंग,
बाइंडिंगवाले, गाळा नंबर दोन, ठाकूरद्वार.
वादाचा विषय पोटमाळा.
लांबी अकरा फूट, रुंदी साडेसात,
मालकाच्या लेखी परवानगीविना.

लेखी नव्हतीच.
तोंडी होती की नाही, ते बाबांना ठाऊक,
आणि बाबा साक्षीला यायच्या आत
साक्षीपलीकडे गेले.
वकील म्हणाले, तुम्ही एवढंच सांगा,
मला माहीत नाही.
तेवढं मी शपथेवर सांगितलं.
खरंच होतं ते.
तरी त्या रात्री डोळ्याला डोळा नाही.

भाडं एकशे बारा रुपये.
पाच तारखेला त्यांची मनीऑर्डर यायची
आणि मी परत पाठवायची,
घेतली तर हक्क जाईल म्हणून.
पोस्टमन रिटायर होताना म्हणाला,
विजयकरबाई, तुमच्या एकशे बारा रुपयांनी
माझ्याहून जास्त पायपीट केली.

लघुवाद न्यायालय म्हणतात त्याला.
लघु.
सव्वीस वर्षं.
धोबीतलावच्या त्या जिन्यावर माझे गुडघे गेले,
त्यांचा एक डोळा गेला.
तारखेला आम्ही एकाच बाकावर,
मध्ये त्यांची छत्री.
एकदा माझ्या वकिलांची फाइल सुटली,
पानं कॉरिडॉरभर,
तर हेच उकिडवे बसून गोळा करत होते,
नंबर लावून, कडा जुळवून.
'दाभणानं शिवायला हवी होती, बाई.
टाचणीवर दावा टिकत नाही.'

मार्चमध्ये ते वारले.
वकिलांचा फोन आला, नव्वद दिवस आहेत.
वारस रेकॉर्डवर आणा,
नाहीतर दावा आपोआप पडेल.
नावं, वयं, पत्ते.
ते काम वादीचं.

गेले. पहिल्यांदाच, तारीख नसताना.
सरसाचा वास.
कटिंग मशीनवर ओढलेली चादर.
अल्ताफनं स्टूल पुसून दिलं
आणि एकेक नाव सावकाश सांगितलं.
अम्मी, जमीला, वय बहात्तर.
आपा सुरय्या, एकावन्न, पनवेलला शाळेत.
नासिरभाई, मस्कत. वय?
त्यानं बोटांवर मोजलं.
मी ऱ्हस्व-दीर्घ विचारत लिहून घेतलं,
लग्नपत्रिकेसाठी घेतात तसं.

मग वर पाहिलं.
सव्वीस वर्षांत तो पोटमाळा
मी फक्त नकाशात पाहिलेला,
कमिशनरच्या लाल शाईत.
वर काही नाही.
शिवून, पाठ चिकटवून तयार केलेली पुस्तकं,
गिऱ्हाइकं परत न फिरकलेली.
एका ढिगावर दोऱ्याचं रीळ
आणि चष्म्याचं रिकामं घर.

'आमचे वकीलपण विचारत होते,' अल्ताफ म्हणाला,
'उद्या तुमचं काही झालं, बाई,
तर तुमच्याकडून कोण?'

रागानं नाही.
पुढची तारीख विचारावी तसं.

कागदाचा खालचा अर्धा भाग कोराच होता.
मी पेनाला टोपण लावलं.
काढलं.

दारात चहावाल्याचा पोरगा उभा.
त्याला म्हटलं, माझ्यात साखर कमी.