पाठ

पुन्ता अरेनासच्या वाचनालयात
मंगळवारी दुपारी म्हातारी माणसं येतात,
मोबाइल माझ्यापुढे ठेवतात
मासा साफ करून मागावा तसा.

आज आन्सेल्मो मिहोविलोविच.
बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात हात काळे झालेले.
बँकेचं पत्र : आमच्याकडून काही माहिती बाहेर गेली आहे,
दिलगीर आहोत, पासवर्ड बदला.
"बाहेर म्हणजे कुठे?"

मी खिडकीकडे पाहिलं.
इथे वारा असा, की रस्त्याकडेला दोर बांधतात
माणसांना धरून चालायला.
तिकडेच कुठेतरी, म्हटलं.

"जुना सांगतो, लिहून घे."
नको. मला नका सांगू, कुणालाच नका सांगू.
पण सांगून झालं होतं :
नियेवेस, आणि लग्नाचं साल.

नियेवेस म्हणजे बर्फ.
नियेवेस म्हणजे नऊ वर्षांपूर्वी गेलेली बायको.
"रोज एकदा टाइप करायचो, पेन्शन आली का बघायला."
मग जरा थांबून,
"पेन्शन महिन्यातून एकदाच येते म्हणा."

आता कुठलंसं यंत्र रात्रभर
अनोळखी दारांवर तेच नाव लावून बघत असेल,
नियेवेस, नियेवेस,
आणि ती कुणालाही ओ देणार नाही
हे त्याला कोण सांगणार.

कुणाचं नाव नको, म्हटलं, तारीख नको.
एकमेकांशी नातं नसलेले चार शब्द घ्या.
ते बराच वेळ बसून राहिले.
"सापडत नाहीत," म्हणाले,
"किटली म्हटलं की ती येते.
पाना म्हटलं की तो कुठे ठेवलाय
हे तिलाच ठाऊक असायचं."

मी खुर्ची वळवली.
पाठ फिरवण्याहून मायेचं
मला दुसरं काही सुचलं नाही.

मागे एकच बोट, सावकाश.
मोजायचं नाही असं ठरवलं
तरी कान मोजतातच.
सतरा. अठरा.
मग मी टेबलाचा खण उगीच उघडला, मिटला,
पुन्हा उघडला,
आकडा सांडून जाईपर्यंत.

"आणि जुन्याचं काय करायचं?"
त्याचं आता कुलूप राहिलं नाही, म्हटलं.
मोठ्याने म्हटलं तरी चालेल.

टोपी कानांवर ओढून ते बाहेर पडले.
काचेतून दिसलं : एक हात दोराला,
ओठ हलताहेत.
नवा शब्द पाठ करत असतील,
नाहीतर हाक मारत असतील.
इथून ऐकू येत नाही.
बरं आहे.